तिसऱ्यातून दुसऱ्यात

उन्हं कलून घरातल्या सावल्या लांबल्या की चिंतामणराव उठून बसत. आधी चष्मा शोधत. तो नाकावरच असे. मग चपला. मग खिसे चाचपत दाराशी येऊन उभे राहत आणि शशिकलाबाईंना म्हणत, "चला, उशीर झाला. घरी जायला हवं."

"घरीच आहोत नं अहो आपण."

"छे छे. इथल्या लोकांना किती त्रास द्यायचा."

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं हे घर त्यांनीच बांधलं होतं. वीज मंडळाच्या नोकरीत असताना, एकेक खोली करत, एकेक खिडकी स्वतः निवडून. सकाळी ते घर त्यांचं असे. तुळशीला पाणी घालत, पेपर उलटा-सुलटा करत. पण दुपार उतरली की भिंती परक्या होत, आणि भिंतींबरोबर कधीकधी बायकोही.

शशिकलाबाईंची आई दळताना ओव्या म्हणायची. जातं कधीच अडगळीत गेलं, चाल मात्र लेकीच्या गळ्यात राहिली. हल्ली त्या चालीवर त्यांचे स्वतःचेच शब्द येऊन बसत, कणीक मळताना, गोळ्यांची पाकिटं फोडताना, आपसूक.

*सांज झाली गं बाई, सांज उंबऱ्याशी बसे,*
*घरातल्या घरी माझा धनी घर शोधीतसे.*

यावर एकच औषध लागू पडलं होतं, आणि ते अंगणात उभं होतं. साईच्या रंगाची जुनी गाडी. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण घरात सगळे फियाटच म्हणत. पुढे एकच सलग सीट, आणि गियरचा दांडा खाली नाही तर स्टिअरिंगच्या मानेला. साठी ओलांडल्यावर शशिकलाबाई ती चालवायला शिकल्या होत्या. कॉलनीत तेव्हा हसले होते लोक.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी चिंतामणराव काही केल्या आवरेनात, तेव्हा थकून त्या म्हणाल्या होत्या, "चला, सोडते तुम्हाला घरी." गाडीत बसवलं, महूनाक्यावरून बडा गणपतीला नेलं, राजवाड्याला वळसा घातला आणि फिरवून पुन्हा आपल्याच फाटकाशी आणून उभं केलं. फाटकाकडे बघून त्यांनी मोठा श्वास सोडला होता. "हं. आलो बुवा एकदाचे." मग हातपाय धुतले, गरम फुलके खाल्ले आणि झोपले ते उजाडेपर्यंत.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फेरी. गाडीचा एक बारीक घूं असा सूर असे, दुरून कुणीतरी दळत असल्यासारखा, आणि त्या सुरात चिंतामणरावांच्या मांडीवरच्या मुठी हळूहळू सुटत. ते झोपले तर शशिकलाबाईंना झोप. ते फिरले नाहीत तर ती रात्र दोघांचीही गेली. इतका साधा हिशेब होता.

*

तो हिशेब बिघडला दसऱ्याला.

चिंतामणरावांचा नेम असा, की गाडीचं तेलपाणी दसऱ्यापर्यंत झालंच पाहिजे. खंडेनवमीला पाने, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, आणि दुसऱ्या दिवशी गाडीला हार. गियरचं तेल ते स्वतः आणत. कुठलं, ते शशिकलाबाईंनी कधी विचारलं नव्हतं. लोणच्याचं तेल त्यांच्याकडे, गाडीचं तेल यांच्याकडे. चिंतामणराव विसरायला लागल्यावरही शेडमधल्या जुन्या डब्यात पुरेसं शिल्लक होतं, आणि परदेशीपुऱ्यातला बद्रीलाल मेकॅनिक दर वर्षी त्यातूनच भरत असे. यंदा डबा पालथा केला तर थेंब पडला नाही. कोरड्या डब्यावरचं लेबल कधीच गळून गेलं होतं. तो भंगारात गेला.

शंतनूशी फोनवर बोलता बोलता त्यांनी हे सांगितलं. मुलगा पुण्यात इंजिनियर. कुरियर आठवड्याच्या आत दारात.

"आई, सगळ्यात टॉपचं आहे हे. फुल सिंथेटिक, जीएल-फाइव्ह. बाहेरून येतं."

"इतकं भारी कशाला रे?"

"बाबांच्या गाडीला हलकं घालायचं का? फोर पण मिळत होतं, मी म्हटलं नाही, फाइव्हच."

सुट्टी मिळत नसे त्याला. प्रत्येक फोनच्या शेवटी विचारी, अजून काही पाठवू का. पाठीला टोचणार नाही अशी गादी पाठवली होती, नाडी मोजणारं घड्याळ पाठवलं होतं, घडीची काठी पाठवली होती. तेलाचा डबा सोनेरी होता, हातात घेतला तर मूर्तीसारखा जड. शशिकलाबाईंनी तो पाटावर पान्यांच्या मधोमध ठेवला आणि त्यालाही कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी बद्रीलालने जुनं काळं तेल काढून ते सोनेरी तेल ओतलं, आणि बोटाला लागलेला थेंब चोळत म्हणाला, "वाह अम्माजी, ये तो देसी घी है."

आधी वाटलं, भास झाला. तिसऱ्या गियरवरून दुसऱ्यात आणताना आतून *खर्रर्र* झालं, भाकरीत खडा लागल्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. वरच्या गियरात जाताना काही नाही, सरळ रस्त्याला काही नाही. गाडी हळू करायची, वळायचं, तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं, की दातावर दात.

पहिल्यांदा चिंतामणराव नुसते दचकले. मग वळण आलं की आधीच अंग चोरून बसू लागले. मग ओरडू लागले.

"तुटली. अहो, तुटली ती. थांबवा."

"काही नाही झालं. बसा नं."

"कोण चालवतंय? ड्रायव्हरला सांगा कुणीतरी."

शंतनू फोनवर म्हणाला, "तू क्लच पूर्ण दाबत नसशील आई. शेवटपर्यंत दाब." शेजारच्या वसुधाताई म्हणाल्या, "शशीताई, गुडघा बघा आपला. आता पुरे नं ही हौस." शशिकलाबाईंनाही ते पटलं. डावा गुडघा दुखराच होता. त्यांनी पाठीशी लोड घेतला, म्हणजे पाय पुढे पोचेल. क्लच असा दाबायच्या की पोटरीत गोळा यायचा. तरी *खर्रर्र*.

मग ती बडा गणपतीची संध्याकाळ. चौकात नेहमीसारखं खणून ठेवलेलं, ई-रिक्षा एकमेकींच्या अंगावर. दुसरा टाकला, गाडी किंचाळली, आणि चिंतामणरावांनी दार उघडलं. गाडी जवळजवळ थांबलेलीच होती म्हणून निभावलं. ते खाली उतरले आणि रहदारीतून चालू लागले, हात वर करून, वीज मंडळात खांबावरच्या लोकांना थांबवायचे तसे. शशिकलाबाई गाडी चौकात तशीच टाकून धावल्या. दोन रिक्षावाल्यांनी रिक्षा आडव्या लावून रहदारी रोखून धरली.

"बाबूजी, बैठ जाओ, भाभीजी बुला रही हैं."

"ती बाई माझी गाडी मोडते आहे," चिंतामणराव त्यांना समजावून सांगत होते, अगदी शांतपणे. "तिला येत नाही चालवता."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पहाटेपर्यंत दाराची कडी वाजत राहिली, आणि दाराला खुर्ची लावून शशिकलाबाई तिच्यावर बसून राहिल्या.

शंतनूने आईसाठी घेऊन ठेवलेली एक नवी छोटी गाडी पण होती. तिला क्लच नव्हता, गियर नव्हता, आवाजही नव्हता. ती काढून बघितली. चिंतामणरावांनी आत वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे झाले. "टॅक्सी कशाला बोलावलीत? आपली गाडी आहे की."

*

बद्रीलालचं गॅरेज परदेशीपुऱ्यात, जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून. शशिकलाबाईंनी गाडी तिथे नेली ती गुन्हा कबूल करायला निघाल्यासारखी.

"भिया, माझा पाय नीट पडत नाहीये. क्लच जरा वर घेता येईल का?"

बद्रीलालने गाडी काढली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवून आणली. येताना दोनदा ती ओरडलेली दुरून ऐकू आली. उतरून त्याने हात पुसले.

"अम्माजी, पाँव आपका बढ़िया है. मेरे साथ भी वही कर री है."

यात रडण्यासारखं काही नव्हतं. तरी शशिकलाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि धूळ फार आहे म्हणाल्या.

"रिंगा गेल्या असतील आतल्या," बद्रीलाल म्हणाला. "गियर का डब्बा उतारना पड़ेगा. सामान बाहेरून मागवू. दिवाली के बाद देखते हैं, महिना-डेढ महिना पकडून चाला. गाडी सोडून जा इथे."

"सोडता येत नाही भिया."

"क्यों, दुसरी गाडी आहे नं तुमच्याकडे?"

त्यांनी चाकाला हात लावला, उगाच. मग जे बोलायचं नव्हतं ते अर्धं बोलल्या. "तेलानं होत असेल का असं?"

"तेल से? अम्माजी, इतना महँगा तेल तो इस गल्ली में किसी गाडी ने नहीं पिया. बेटे ने भेजा है."

"हो, ते आहेच."

गाडी परत आणताना सगळ्या वाटेवर हेच मनात घोळत होतं. दसऱ्याच्या आधी नव्हतं, दसऱ्यानंतर आहे. एवढं तर कुणालाही दिसेल. पण मग ते बोट पुण्याकडे जातं. जो मुलगा इथे नाही, त्याचं इथे एवढंच तर होतं: गादी, घड्याळ, काठी, तेल. त्यापेक्षा आपला गुडघाच वाईट निघाला असता तर बरं. गुडघ्याला बोललं तर गुडघ्याला लागत नाही.

*पुण्याहून आलं तेल, लेकाचा गं जीव त्यात,*
*सांगू कशी मी त्याला, खडा त्याच घासात.*

आणि म्हणून त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. फेरीचा रस्ता बदलला. जिथे दुसरा टाकावा लागणार नाही असे सरळ रस्ते शोधले. पण इंदूरला सरळ रस्ता मिळून मिळून किती मिळणार, आणि सरळ रस्त्याने माणूस घरी परत येत नाही. कुठेतरी वळावं लागतंच.

*

शेवटी शंतनूच म्हणाला, "आई, चालवताना मला फोन लाव आणि पुढच्या कप्प्यात ठेव. आवाज ऐकू दे, मग सांगतो काय आहे ते."

तसं केलं. संध्याकाळी चिंतामणरावांना कसंबसं समजावून बसवलं. फोन डॅशबोर्डखालच्या कप्प्यात, पुसायच्या फडक्यावर. महूनाक्याच्या अलीकडे सिग्नल लाल झाला, गाडी हळू करावी लागली.

*खर्रर्र.*

"तुटली," चिंतामणराव म्हणाले. त्यांचा आवाज आता ओरडण्याचा राहिला नव्हता. लहान मूल रडण्याआधी बोलतं तसा झाला होता. "मला उतरू द्या. बाई, मी पाया पडतो तुमच्या, मला उतरू द्या. माझ्या घरी माणसं वाट बघताहेत."

"उतरायचं हं. पुढे उतरायचं. माझा हात धरा बघू. असा."

"तुम्ही कोण?"

"मी इथलीच. हात धरा."

एका हाताने त्यांचं मनगट, एका हाताने चाक. गियर बदलायला तिसरा हात कुठून आणायचा. गाडी हिसके खात बाजूला लागली आणि बंद पडली. दाराचं हँडल त्यांच्या बाजूने सुतळीने बांधलेलं होतं. बडा गणपतीनंतर बांधावंच लागलं होतं. ते सुतळी उकलायचा प्रयत्न करत राहिले, आणि मग दमून थांबले.

फोनची आठवण बऱ्याच वेळाने झाली. उचलला तर चालूच होता.

"ऐकू आला का रे आवाज?"

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"शंतनू? कट झाला वाटतं."

"आई, हे रोज असं होतं?"

"रोज नाही रे."

"आई."

"रोजच होतं."

"सांगितलं नाहीस तू."

"सांगून काय केलं असतंस तिथून? अजून एक गादी पाठवली असतीस." हे बोलायचं नव्हतं. थकव्याला जीभ आवरत नाही.

शंतनू हसला नाही, रागावलाही नाही. एवढंच विचारलं, "कधीपासून?"

आता गुडघ्याचं नाव घेता आलं असतं. शेजारी चिंतामणराव सुतळीच्या गाठीवर बोट ठेवून बसले होते.

"दसऱ्यापासून," शशिकलाबाई म्हणाल्या.

तो इंजिनियर होता. त्याला पुढचं विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज शाळेतून कमी मार्क घेऊन आल्यासारखा होता. ऑफिसात एक जुने साहेब होते, आधी गियरबॉक्सच्या कारखान्यात काम केलेले. त्यांच्याकडे जाऊन बसला होता तो.

"आई, नीट ऐक हं. गियर बदलताना आत एक पितळी कडं असतं. ते फिरणाऱ्या दात्यांना आधी हळूच धरतं, दोन्हींचा वेग सारखा करतं, मग दाते एकमेकांत बसतात. धरायला थोडं घासलं जावं लागतं. मी पाठवलेलं तेल इतकं निसरडं आहे की कडं धरतच नाही, घसरतं. आणि त्यातलं जे औषध असतं नं, ते जुन्या पितळेला खातं पण."

"मग ते भारीचं कसं?"

"मला वाटलं चारपेक्षा पाच वरचं. पहिलीतून दुसरीत गेल्यासारखं. तसं नसतं ते. पाच वेगळ्या कामाचं असतं. बाबांच्या गियरबॉक्सला चारच लागतं. मी न बघताच…"

"अरे पण इंजिनियर आहेस नं तू?"

"सीटचा आहे आई. गाडीच्या सीटा बनवतो मी."

शशिकलाबाईंना हसू आलं, बऱ्याच दिवसांनी आल्यामुळे गालांना ते अवघड गेलं.

"मी आजच ऑर्डर करतो दुसरं," तो म्हणाला.

"नको. तू काही पाठवू नकोस आता. मी आणते जाऊन. काय म्हणायचं ते सांग फक्त."

"जीएल-फोर. ऐंशी-नव्वद. साधं, मिनरल. आणि डब्यावर चार-पाच दोन्ही लिहिलं असेल तर घेऊ नको. दोन्ही म्हणजे पाचच समज."

*

वसुधाताईंना चिंतामणरावांपाशी बसवून त्या सियागंजला गेल्या. रिक्षात बसल्यावर मंत्रासारखं पुटपुटत होत्या: चार, ऐंशी-नव्वद, साधं. चार, ऐंशी-नव्वद, साधं.

पहिल्या दुकानदाराने त्यांच्याकडे न बघताच डबा काढून ठेवला. पाच.

"भिया, मला चार पाहिजे."

"अम्मा, चार आजकल कौन लेता है. ये चार का भी काम करेगा, पाँच का भी."

"मला पाचाचं काम नकोच आहे."

"अरे, उसी भाव में ज़्यादा दे रिया हूँ आपको."

दुसऱ्याने विचारलं गाडी कुठली, आणि फियाट म्हटल्यावर खुर्चीवरून उठला. "ओ हो हो. अजून चलती है? आवाज करती होगी. मेरी सुनो, एक सौ चालीस डालो. गाढा माल. ऐसा जमेल की आवाज बाहेरच नाही येणार."

"आवाज जाईल?"

"दब जाएगा."

शशिकलाबाई डबा हातात घेऊन उभ्या राहिल्या. आवाजच तर घालवायचा होता. चिंतामणरावांना पितळी कड्याशी काय करायचंय? त्यांच्या कानावर पडलं नाही की झालं. आत जे व्हायचं ते होत राहील. आज रात्री झोप लागेल. हा विचार इतका मऊ होता की त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा. पण मग वाटलं, आत घासतच राहणार असेल तर किती दिवस? घट्ट तेलानं गाडी थंडीत अडून बसेल, ते कडं उरलंसुरलं जाईल, आणि मग डब्बा उतरवावाच लागेल. त्या संध्याकाळींचं काय करायचं?

"नको भिया," त्या म्हणाल्या. "दबवायचं नाहीये."

पुढे एका मराठी माणसाचं दुकान निघालं, दिवाकर म्हणून. त्याने आपुलकीने स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि चार-पाच दोन्ही लिहिलेला डबा दिला. "काकू, यात सगळं आलं." काकूंनी चष्मा लावून डबा वाचला आणि परत केला. दिवाकर मनाला लावून घेत म्हणाला, "तुम्ही तर टेस्टिंगला आलात जणू." पण मग त्याला दया आली. बाहेर येऊन त्याने बोटाने दाखवलं. "त्या कोपऱ्यावर जा. ट्रॅक्टरचा माल ठेवतात ते. गावाकडचे लोक अजून चारच नेतात."

कोपऱ्यावरच्या दुकानात सोयाबीनच्या हंगामातली गर्दी होती. धोतरं, पागोटी, मोटरसायकलच्या चाव्या. शशिकलाबाईंनी रांगेतून आपलं पुटपुटणं पुढे केलं. दुकानदाराने विचारलं नाही की कशाला, कुठली गाडी. मागून एक मळकट निळा प्लास्टिकचा डबा आणून ठेवला. त्यावर ट्रॅक्टरचं चित्र होतं. खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं: जीएल-४. ऐंशी-नव्वद.

"फियाटमध्ये चालेल नं हे?" त्यांनी उगाच विचारलं.

"मौसी, तेल को क्या मालूम किसमें जा रिया है," रांगेतला एक जण म्हणाला, आणि सगळे हसले.

तिथून घरी, आणि दारातूनच गाडी काढून थेट गॅरेज. बद्रीलालने फोनवर सांगितलं होतं, गाडी फिरवून गरम करून आणा, तेल पातळ होतं, सगळं उतरतं. मग खड्ड्यात उतरून त्याने बोल्ट सोडला. सोनेरी तेल घमेल्यात उतरू लागलं, तार न तुटता, सुंदर. शशिकलाबाई वाकून बघत राहिल्या. बद्रीलालने बोट बुडवून उजेडात धरलं. तेलात बारीक पिवळी चमक होती, हळदीच्या कणांसारखी.

"पीतल है," तो म्हणाला. मग त्याने निळा डबा उलटसुलट करून बघितला. "थोडं खाल्लं आहे, सारं नाही. अब दुसरे में डालो तो ज़रा रुक के, हं. घाई मत करना."

डब्यात उरलेलं सोनेरी तेल ओतून द्यायला त्याचं मन होईना. "मागच्या चाकांच्या डिफरेन्शियलला हेच चालतं," तो म्हणाला आणि त्याने विचारलं, "बेटे को बोलना, वेस्ट नहीं गया. बोलोगी नं?"

"बोला तुम्हीच," शशिकलाबाई म्हणाल्या. त्या तिथल्याच एका टायरवर बसल्या.

*

घरी आल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि चिंतामणराव दाराशी होते. वसुधाताई त्यांच्या बाहीला धरून.

"चला, घरी सोडते," शशिकलाबाईंनी गाडीचं दार उघडून धरलं. सुतळी त्यांनी गॅरेजमध्येच कापली होती.

ते पायरीवरच थांबले. "त्यात नाही."

"आता ठीक झाली आहे गाडी."

"ती तुटते." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तुम्ही जा. आम्ही चालत जाऊ."

पुन्हा विनवलं. वसुधाताईंनी विनवलं. ते खांब धरून उभे राहिले, आणि काही केल्या तो सोडेनात तेव्हा शशिकलाबाईंनी सोडून दिलं.

एवढं सगळं करून हे व्हावं. त्या स्वतःच गाडीत बसल्या, आपल्या जागी. चाकावर हात ठेवून बसून राहिल्या. वसुधाताई काहीतरी बोलत होत्या, ते ऐकू येत होतं आणि पोचत नव्हतं. मग, दुसरं काही करायला उरलं नव्हतं म्हणून, त्यांनी गाडी सुरू केली आणि कॉलनीला एकटीनेच एक चक्कर मारायला निघाल्या. निदान बघावं तरी, आणलेलं तेल काय करतं.

मैदानाच्या कोपऱ्यावर तिसऱ्यातून दुसरा. भीतीने त्यांचा हात आखडला, आणि त्या आखडण्यामुळेच मध्ये एक श्वासभर थांबणं झालं. दांडा आत गेला. आवाज नाही. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकलं, जणू तो मागे राहून गेला असेल. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा. एकदा किंचित दाताला दात लागल्यासारखं झालं, तेवढंच.

फेरी पुरी करून गल्लीत वळल्या तर फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला चिंतामणराव उभे. पायात चपला, शर्टाची वरची गुंडी लावलेली. मागे वसुधाताई हात उडवत, की काय करू, ऐकत नाहीत. गाडी येताना दिसली तसा त्यांनी हात पुढे केला, लिफ्ट मागायला करतात तसा.

शशिकलाबाईंनी गाडी थांबवली.

ते खिडकीशी वाकले. त्यांच्याकडे बघून नम्रपणे हसले. "माफ करा हं बाई. लोकमान्य नगरला जायचंय मला. त्या बाजूला जाताय का?"

वसुधाताईंनी तोंड वळवलं.

"जातेय," शशिकलाबाई म्हणाल्या. "बसा."

महूनाका आला. त्या थांबल्या, श्वास घेतला, दुसरा टाकला. गाडी गप्प. चिंतामणराव खिडकीबाहेर बघत होते, मुठी अजून मांडीवर आवळलेल्या.

"आमच्याकडेही अशीच गाडी आहे," ते म्हणाले.

"हो का? कोण चालवतं?"

"मीच. आता बायकोला शिकवतोय." थोडं थांबून, विश्वासात घेतल्यासारखं. "लोक हसतात तिला. मी म्हटलं, हसू दे. मला पुढे नाही जमलं तर कुणीतरी पाहिजे नं घरात."

शशिकलाबाईंना समोरचा रस्ता जरा वेळ नीट दिसला नाही. हे चिंतामणरावांनी तेव्हा कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी तेव्हा एवढंच म्हटलं होतं, की शीक, तुला भाजी आणायला बरं.

बडा गणपती. ई-रिक्षा, खणलेला रस्ता, घंटा, हॉर्न. तिसरा. एक श्वास. दुसरा.

चिंतामणराव बोलतच राहिले. वीज मंडळातल्या कुणा साहेबाचं सांगत होते, जीपमधून पडलेल्या. दुसरा गियर कधी पडला ते त्यांना कळलं नाही. त्यांना काहीच कळलं नाही. एवढ्याचसाठी तर सगळं केलं होतं.

राजवाड्याचा वळसा घालून त्या परतल्या तेव्हा चिंतामणरावांच्या मुठी उघड्या होत्या आणि मान एका बाजूला कललेली. फाटकाशी गाडी थांबली तसे ते जागे झाले. फाटक पाहिलं, घर पाहिलं.

"आलं," ते म्हणाले. उतरले, आणि मग शिष्टाचार आठवून परत वाकले. "तुम्ही थांबा की. चहा घेऊन जा. बायको असेल घरात."

"बघते," शशिकलाबाई म्हणाल्या.

त्यांनी गाडी बंद केली. चिंतामणराव पुढे होऊन दिवा लावत होते, आपल्या घरातलं बटण कुठे आहे ते माहीत असलेल्या माणसासारखे. शशिकलाबाई मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवून त्यांनी कणीक काढली.